अपुऱ्या दिवसांचा श्वास: ट्रॉम्बे ते शीव

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जगवण्यासाठी जो ऑक्सिजन आणि जो यांत्रिक श्वास द्यावा लागतो, त्यानेच त्याच्या कोवळ्या फुफ्फुसांना इजा होते. त्यातून जडणाऱ्या जुनाट आजाराला ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेसिया, थोडक्यात बीपीडी, म्हणतात. स्टॅनफर्डचे विल्यम नॉर्थवे आणि त्यांचे सहकारी यांनी 1967 मध्ये 32 बाळांच्या एक्स-रेवरून त्याचे पहिले वर्णन केले. त्याआधी अशी बाळे वाचतच नसत, त्यामुळे हा आजार कोणाच्या नजरेला पडण्याचा प्रश्नच नव्हता. पूर्वी जन्मानंतर 28 दिवसांनीही ऑक्सिजन सुटला नाही, तर बीपीडीचे निदान होई. 1988 नंतर मातेच्या शेवटच्या पाळीपासून मोजलेला 36वा आठवडा ही कसोटी रूढ होत गेली.

या बाळांचा श्वास मुळात का अडतो, याचे कारण त्याआधीच सापडले होते. फुफ्फुसातील हवेच्या पिशव्या मिटू न देणारा सर्फॅक्टंट नावाचा द्रव या बाळांत कमी असतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी 1959 मध्ये दाखवले. 1972 मध्ये लिगिन्स आणि हाउई यांनी प्रसूतीपूर्वी मातेला स्टेरॉइड देऊन पाहिले. 1980 मध्ये जपानच्या फुजिवारांनी सर्फॅक्टंट थेट बाळाच्या फुफ्फुसात सोडला. मृत्यू कमी झाले, पण त्याहून लहान बाळे जगू लागली आणि आजार हटला नाही.

ट्रॉम्बे हे जुने कोळी गाव. 1954-55 च्या सुमारास तेलशुद्धीकरण कारखाने आले, शेजारी अणुऊर्जेचे केंद्र उभे राहिले आणि मानखुर्द-गोवंडीकडे दाट वस्त्या वाढल्या. या पट्ट्यात दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या बाईला महापालिकेच्या प्रसूतिगृहातून गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयात आणि अवघड वेळी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात न्यावे लागते. ‘बाळ पेटीत ठेवलंय’ एवढाच निरोप मग घरी येतो.

या शीवच्या रुग्णालयात जे घडले ते यंत्राइतकेच मोलाचे होते. तिथे बाळे दगावत ती बहुतेक जंतुसंसर्गाने. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी बाटलीचे दूध बंद केले, आईला विभागात आत घेतले आणि 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदूध पेढी सुरू केली. दान आलेले दूध 62.5 अंश सेल्सियसवर अर्धा तास तापवतात, थंड करतात, गोठवून ठेवतात आणि गरजेप्रमाणे नळीतून थेंबाथेंबाने देतात. आईच्या दुधाने रक्तातला जंतुसंसर्ग आणि आतड्यांची सूज कमी होते, आणि या दोन्ही गोष्टी बीपीडी बळावण्याची कारणे आहेत. नवे फुफ्फुस ऊतक वाढायलाही पोषणच लागते. ही पेढी श्वासाच्या यंत्रापेक्षा कमी दर्जाची मानणे चूक ठरेल.

निर्जंतुकतेचा एक धागा खुद्द ट्रॉम्बेत आहे. 1974 मध्ये इथे ‘आयसोमेड’ हा प्रकल्प सुरू झाला. कोबाल्ट-60 मधून निघणाऱ्या गॅमा किरणांनी पॅकबंद वैद्यकीय साहित्य उष्णतेविना निर्जंतुक होते. उष्णतेने वितळणाऱ्या प्लॅस्टिकला तोच मार्ग सोयीचा.

फुफ्फुसांवरचा श्वासाच्या यंत्राचा मारा कमी करण्याचे साधन मात्र फार साधे निघाले. 1971 मध्ये जॉर्ज ग्रेगरी यांनी श्वासमार्गात सतत सौम्य दाब देण्याची सीपॅप पद्धत मांडली. ‘बबल सीपॅप’मध्ये श्वासाच्या नळीचे दुसरे टोक पाण्यात बुडवतात. ते पाच सेंटीमीटर खोल असेल, तर पाच सेंटीमीटर पाण्याइतका दाब बाळाला मिळतो; बुडबुडे थांबले, की कुठेतरी गळती आहे हे परिचारिकेला पाहताक्षणी कळते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया रुग्णालयात हीच पद्धत लवकर वापरत, आणि 1987 च्या आठ केंद्रांच्या तुलनेत तिथे जुनाट फुफ्फुसरोग सर्वांत कमी आढळला. महागडे यंत्र नको असल्याने भारतातील नवजात विभागांनाही ती परवडली.

औषधांनी मात्र दोन्ही रंग दाखवले. डेक्सामेथासोनने बाळे यंत्रावरून लवकर सुटत, पण पुढे सेरेब्रल पाल्सीचा धोका वाढतो असे दिसल्यावर अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2002 मध्ये सरसकट वापराविरुद्ध इशारा दिला. याउलट कॅफिन. 2006 च्या मोठ्या चाचणीत ते मिळालेल्या सुमारे 36 टक्के बाळांना बीपीडी झाला, न मिळालेल्या 47 टक्क्यांना.

रुग्णालयातून सुटल्यावर बाळ परत या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या हवेत येते. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी 1970 च्या दशकात चेंबूर, लालबाग आणि खारच्या रहिवाशांच्या श्वसनविकारांची प्रदूषणाशी सांगड घालून पाहिली होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1987 पासून अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या कमी वजनाच्या बाळांचा शाळेच्या वयापर्यंत पाठपुरावा केला. बीपीडीच्या बाळालाही तसाच लांबचा पाठपुरावा लागतो: घरात धूर नको, लसी वेळेवर, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, वजनावर लक्ष, आणि पहिल्या दोन वर्षांत सर्दी छातीत उतरली तर ताबडतोब दवाखाना.