शाळेच्या दाराशीं

शाळेंतील मारहाणीचा विषय निघाला कीं आपण मुलांच्या दांडगाईकडे किंवा गुरुजींच्या छडीकडे बोट दाखवितों. परंतु आपल्याकडील शाळेचा सर्वांत जुना जुलूम वर्गांत नव्हे, दाराशींच होत असे. भंडारा जिल्ह्यांतील कोंढ्यासारख्या गांवीं आज कोणत्याहि जातीच्या मुलास सरकारी शाळेंत नांव घालण्याचा हक्क आहे. तो हक्क किती झगड्यानंतर मिळाला, हें जाणण्यासारखें आहे.

जून १८५६ मध्यें धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला. न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे, हें मुंबई सरकारनें नाकारलें नाहीं. तरी प्रवेश मात्र नाकारला. कारण असें कीं, एकास आंत घेतलें तर इतर सर्व निघून जातील आणि शाळाच निरुपयोगी होईल. १८५८ मध्यें कंपनीच्या संचालकांनीं सरकारी शाळा सर्वांस खुल्या असल्याचा निर्वाळा दिला. निर्वाळा कागदावर राहिला. खेड्याच्या वेशींत शिरावयास त्यास फार काळ लागला.

तो शिरूं लागतांच काय झालें, हें १९३५ मध्यें अहमदाबाद जिल्ह्यांतील कविठा गांवीं दिसलें. तेथील अस्पृश्यांनीं आपलीं मुलें गांवच्या शाळेंत घातलीं. सवर्णांनीं त्यांच्या वस्तीवर हल्ला केला, बहिष्कार पुकारला, मजुरी बंद पाडली आणि त्यांच्या विहिरींत घासलेट ओतलें. ज्यांचें पोट मालकाच्या शेतावर, त्यांच्या मुलांची पाटी मालकाच्या मर्जीवर, हा त्यांतील खरा अर्थ होय. डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत या प्रसंगाची नोंद केली आहे.

मात्र जुलमास नेहमीं काठीच लागते असें नाहीं. उमरेडच्या जाईबाई चौधरी लहानपणीं कामठी स्टेशनवर हमाली करीत. एका मिशनरी बाईनें त्यांस लिहावयास शिकविलें व शाळेंत शिक्षिकेची जागा दिली. शिक्षिका अस्पृश्य आहे हें कळतांच पालकांनीं आक्षेप घेतला आणि जाईबाईंची नोकरी गेली. कोणी दगड मारला नाहीं. कोणावर खटला झाला नाहीं. १९२२ मध्यें जाईबाईंनीं स्वतःच नागपुरांत चोखामेळ्याच्या नांवानें मुलींची शाळा काढली.

आमच्या सुशिक्षित वर्गानें विचार करावा तो येथें. कविठ्याच्या काठीचा धिक्कार करणें सोपें आहे. ती आपण उगारलेली नसते. परंतु ‘आम्हीं आमचीं मुलें काढून घेऊं’ हा धाक धारवाडास चालला आणि जाईबाईंच्या शाळेंतहि चालला. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली, काठी उचलणारा गुन्हेगार ठरला. मूल निमूटपणें काढून घेणारा बाप गुन्हेगार ठरत नाहीं, आणि ठरूंहि नये. तथापि शेजारच्या बाकावर कोण बसतें हें पाहून आपण मुलाची शाळा ठरवितों, तेव्हां धारवाडच्या त्या मुलास आपण पुन्हां एकदां दाराशींच उभें करतों.