जनगणनेच्या कागदावर आपण

विहाराच्या वर्धापन दिनी आम्ही एका साध्या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहोत. प्रश्न असा : "तुमचा धर्म कोणता?"

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध होते अवघे अडीच हजार. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादर चौपाटीवर चितेच्या साक्षीने भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखोंना दीक्षा दिली. १९६१ साली महाराष्ट्रातल्या बौद्धांचा आकडा झाला सुमारे २७ लाख ९० हजार!

तरी सगळे मोजले गेले असे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे बौद्ध झालेल्याला केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नव्हत्या. मग घरात बुद्धाची तसबीर आणि कागदावर 'हिंदू महार'. पोटासाठी माणूस काय करणार?

१९९१ साली आम्ही गिरणीत बदली कामगार होतो. चाळीत गणती करणारे मास्तर आले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "लिवा की बाबा तुमीच काय ते." कारण गावाकडे कागद घेऊन येणाऱ्याने जात विचारली की, पाणवठ्यावरून हाकलण्यासाठीच विचारली, हे त्यांनी जन्मभर पाहिलेले. मुलगा म्हणाला, "थांबा, दाखल्यावर काय आहे ते बघतो." त्याला नोकरीची काळजी. नात मात्र ताडकन बोलली, "बौद्ध!" एका खोलीत तीन उत्तरे, आणि खोटे कुणीच बोलले नाही. प्रश्न एकच, पण प्रत्येकाने तो आपापल्या अनुभवाच्या कानाने ऐकला.

खरे तर १९९० सालीच कायदा बदलला होता. बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले गेले. पण कायदा बदलला म्हणून मनातली भीती लगेच जात नाही.

२०११ साली देशात ८४ लाख ४२ हजार बौद्ध नोंदले गेले, त्यांतले ६५ लाख ३१ हजार आपल्या महाराष्ट्रात. २०२१ ची जनगणना झालीच नाही. सरकारने आता २०२७ ची जाहीर केली आहे, तीत जातही विचारणार. तेव्हा धर्म विचारला की 'बौद्ध' सांगा, जात विचारली की दाखल्यावरची सांगा. दोन्ही एकत्र चालतात. आणि त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून हे समजावा. त्यांचे उत्तर मास्तरांवर सोडू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!