चौदा क्लबांचा हिशेब

गोल्फ खेळणाऱ्याने एका फेरीत जास्तीत जास्त चौदा क्लब बाळगावेत, असा नियम आहे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने तो १९३८ साली लागू केला आणि पुढच्या वर्षी सेंट अँड्रूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने त्याचा स्वीकार केला. त्याआधी असे बंधन नव्हते. लाकडी शाफ्ट जाऊन पोलादी शाफ्ट आले, कारखान्यातून एकसारखे क्लब बाहेर पडू लागले आणि मोठे खेळाडू वीस-पंचवीस क्लब भरलेली पिशवी कॅडीच्या खांद्यावर देऊ लागले. प्रत्येक अंतरासाठी वेगळा क्लब हाताशी असेल तर खेळाडूचे कसब उरते कुठे, असा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडला आणि त्यांनी रेघ ओढली. आपल्या विषयाची सुरुवात त्या रेघेपासून होते. वाटेल तितके क्लब नेता आले असते तर निवडीचे शास्त्र उभे राहिलेच नसते.

नियम मोडल्यास दंड होतो, तोही कडक. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये, रॉयल लिदमला, शेवटच्या दिवशी इयन वूझ्नम पहिल्याच होलवर बर्डी करून आघाडीच्या बरोबरीला आला. दुसऱ्या टीवर कॅडीला पिशवीत पंधरावा क्लब सापडला, एक जादा ड्रायव्हर. दोन फटक्यांचा दंड बसला आणि अखेर वूझ्नम संयुक्त तिसऱ्या क्रमांकावर राहिला. पिशवीत काय आहे हे ठाऊक असणे हा खेळाचाच भाग आहे, हे त्या दिवशी साऱ्या गोल्फजगताने पाहिले.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत आहे. त्याने एक सूत्र सुरुवातीलाच हाताशी ठेवावे: संच जुळवणे म्हणजे लगतच्या दोन क्लबांमधली अंतरे ठरवणे. एखादा क्लब स्वतंत्रपणे चांगला की वाईट, हा प्रश्न नंतरचा. त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या क्लबने चेंडू किती दूर जातो आणि मधली कोणती जागा त्याने भरून निघते, हे आधी पाहावे लागते. दुकानातली चर्चा बहुधा नेमकी उलट्या टोकाकडून सुरू होते. तिथे ड्रायव्हर पहिल्यांदा हातात येतो आणि वेज शेवटी, उरलेल्या पैशांत. माझे मत असे की संचाची जुळणी वेजपासून सुरू करावी आणि वर सरकत जावे. ड्रायव्हर एका फेरीत फार तर चौदा वेळा बाहेर निघतो. ग्रीनपासून शंभर यार्डांच्या आतला खेळ मात्र जवळपास प्रत्येक होलवर येतो, आणि नवख्याचे फटके सर्वात जास्त तिथेच वाया जातात.

वेजची निवड लॉफ्टवर ठरते. लॉफ्ट म्हणजे क्लबचे तोंड उभ्या रेषेपासून किती मागे कललेले आहे, तो कोन. कोन वाढला की चेंडू उंच जातो, जास्त फिरतो आणि जवळ पडतो. ही साधी गोष्ट आज गुंतागुंतीची झाली आहे, कारण क्लबवर कोरलेला आकडा आणि त्याचा खरा कोन यांचे नाते गेल्या पन्नास वर्षांत सैल होत गेले. १९७० च्या दशकातल्या सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट ३८ अंशांच्या आसपास असे. आज नवख्यांसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक संचांत त्याच आकड्याखाली २८ ते ३० अंश सापडतात. यामागे केवळ विक्रीची चतुराई नाही. क्लबचे वजन तळाशी आणि मागे नेल्यामुळे चेंडू आपसूक उंच उडू लागला, म्हणून कारागिरांना कोन कमी करणे शक्य झाले आणि काही प्रमाणात भागही पडले. परिणाम मात्र संचाच्या खालच्या टोकाला भोगावा लागतो. पिचिंग वेज पूर्वी ४८ ते ५० अंशांचा असे, तो आता ४३-४४ पर्यंत उतरला. सँड वेज मात्र ५५-५६ वरच थांबला, कारण वाळूतून चेंडू उचलण्याची गरज तीच राहिली.

समजा, एखाद्याचा पिचिंग वेज ४३ अंशांचा आहे आणि सँड वेज ५६ अंशांचा. पहिल्याने त्याचा चेंडू १२० यार्ड जातो आणि दुसऱ्याने ८०. मधल्या चाळीस यार्डांसाठी त्याच्याकडे एकही पूर्ण फटका नाही. शंभर यार्डांवर उभा राहिला की एकतर पिचिंग वेज आखडून मारायचा, नाहीतर सँड वेजवर जोर काढायचा. दोन्ही फटके अवघड, आणि रोज सराव न करणाऱ्याला तर फारच अवघड. हीच पोकळी भरण्यासाठी गॅप वेज आला. या खेळाडूला मी ४३, ४८, ५३ आणि ५८ असा क्रम सुचवीन. पाच-पाच अंशांच्या पायऱ्या पडल्या की अंतरेही साधारण सारखी पडतात. चार वेज ठेवायला जागा नसेल तर ४३, ४९ आणि ५५ हाही समंजस क्रम आहे. कोणता क्रम घ्यावा यावर जाणकारांत मतभेद आहेत आणि ते राहणारच. पण तेरा अंशांची दरी उघडी ठेवावी, असे कोणीच म्हणत नाही.

लॉफ्टचे हे विज्ञान एका दिवसात उभे राहिले नाही. बंकरमधून बाहेर पडण्यासाठी एकेकाळी निब्लिक हा पातळ धारेचा क्लब वापरत. तो वाळूत रुतून बसे. मग खोलगट तोंडाचा सँड वेज आला. १९३० साली हॉयलेकच्या ब्रिटिश ओपनमध्ये बॉबी जोन्सने तो वापरला आणि पुढच्याच वर्षी त्यावर बंदी आली, कारण खोलगट तोंडामुळे एकाच फटक्यात चेंडू दोनदा लागण्याचा संभव होता. खरा तोडगा जीन साराझेनने काढला. विमानाची शेपटी खाली झुकली की नाक वर उठते, हे पाहून आपल्याला कल्पना सुचली, असे तो सांगत असे. त्याने निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूने धातूचा डाग देऊन जाड पट्टा बसवला. आता धारेऐवजी हा पट्टा आधी वाळूला लागू लागला आणि क्लब रुतण्याऐवजी वाळूतून सरकू लागला. १९३२ साली प्रिन्सेसच्या मैदानावर तो ब्रिटिश ओपन जिंकला, तेव्हा हा क्लब त्याच्या पिशवीत होता.

साराझेनच्या त्या पट्ट्यातूनच आज ज्याला बाउन्स म्हणतात ती कल्पना रुळली. वेजवर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ५६ आणि १२. पहिला लॉफ्ट, दुसरा बाउन्स. क्लब जमिनीवर टेकवला असता त्याची पुढची धार तळाच्या सर्वात खालच्या भागापेक्षा किती उचललेली राहते, हे दुसरा आकडा सांगतो. पाण्यावर चपटा दगड भिरकावला तर तो बुडण्याऐवजी टप्पे घेत जातो. बाउन्स क्लबला जमिनीवरून तसाच उसळवतो. नवखे खेळाडू पहिल्या आकड्यावर तासभर बोलतात आणि दुसरा वाचतही नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

कारण बाउन्सचा संबंध जमिनीशी आहे, आणि जमीन प्रत्येकाची वेगळी असते. स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वाळूवर वाढलेले आखूड गवत कठीण असते. तिथे १२-१४ अंशांचा बाउन्स उसळून चेंडूच्या मध्यावर आदळतो, म्हणून ४ ते ८ अंशांचे वेज तिथे शोभतात. पावसाने भिजलेल्या मऊ मातीत किंवा खोल, भुसभुशीत वाळूत मात्र कमी बाउन्सची धार कुदळीसारखी आत शिरते. आपल्याकडे तर एकाच मैदानावर या दोन्ही जमिनी भेटतात. येरवड्याच्या किंवा चेंबूरच्या कोर्सवर मे महिन्यातला फेअरवे आणि ऑगस्टमधला फेअरवे यांना एकच क्लब पुरा पडणे कठीण. परदेशी पुस्तकातला सल्ला जसाच्या तसा घेणाऱ्या मराठी खेळाडूची इथेच फसगत होते. माझा सल्ला असा की सँड वेज १० ते १२ अंश बाउन्सचा ठेवावा आणि सर्वात जास्त लॉफ्टचा वेज ६ ते ८ अंशांचा. मग पावसाळ्यात एक हाताशी असतो आणि उन्हाळ्यात दुसरा.

लॉब वेज या आणखी जास्त लॉफ्टच्या वेजची गोष्ट सांगायलाच हवी. नासामध्ये काम केलेले पदार्थवैज्ञानिक डेव्ह पेल्झ यांनी खेळाडूंच्या प्रत्येक फटक्याची मोजदाद सुरू केली आणि जवळच्या खेळात किती नुकसान होते ते आकड्यांनी दाखवले. त्यांच्या सल्ल्याने टॉम काइटने १९८० च्या सुमारास ६० अंशांचा वेज पिशवीत घेतला. १९८१ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यावर कमाईत तो पहिला आला. पुढे १९९२ च्या यूएस ओपनच्या अखेरच्या दिवशी, पेबल बीचच्या सुसाट वाऱ्यात, सातव्या होलवर त्याचा चेंडू ग्रीनबाहेर गेला आणि लॉब वेजने त्याने तो थेट होलमध्ये घातला. ती स्पर्धाही त्याने जिंकली. तरीही नवख्याने ६० अंशांच्या मोहात लगेच पडू नये. तो क्लब चूक माफ करत नाही. आधी ५४-५६ अंशांशी मैत्री व्हावी.

संचाच्या वरच्या टोकाबद्दल थोडक्यात. क्लब फिरवण्याचा वेग कमी असेल तर चार आणि पाच नंबरच्या आयर्नने चेंडू जवळजवळ एकाच जागी पडतो, कारण इतक्या कमी लॉफ्टने चेंडू हवेत टिकवायला वेग लागतो. अशा खेळाडूने, मग तो साठीचा असो वा शिकाऊ मुलगी, लांब आयर्न निःसंकोच काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी हायब्रिड किंवा सात नंबरचा वुड घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. शाफ्टची लवचीकता, लांबी आणि लाय अँगल (शाफ्ट व जमीन यांमधला कोन) हे शरीराच्या मापाचे विषय आहेत, त्यांना स्वतंत्र प्रकरण लागते. एवढेच सांगतो, की लॉफ्ट जितका जास्त तितकी लाय अँगलची चूक चेंडूला बाजूला नेते. म्हणून उंच किंवा ठेंगण्या खेळाडूने निदान वेजचा लाय तपासून घ्यावा. जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता असलेल्या कार्स्टन सोल्हाइम यांच्या पिंग कंपनीने यासाठी रंगीत ठिपक्यांची पद्धत रूढ केली, तीत काळा ठिपका म्हणजे प्रमाण माप.

आणि चौदा ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नव्हे. १९१६ साली चिक एव्हान्सने यूएस ओपन जिंकली ती सात क्लब घेऊन, आणि त्याच्या २८६ फटक्यांचा विक्रम वीस वर्षे टिकला. शिकण्याच्या पहिल्या वर्षी सात-आठ क्लब पुरेत. थोड्या क्लबांनी खेळताना एकाच क्लबमधून तीन अंतरे काढायला हात शिकतो, आणि आपल्याला नेमकी कुठली पोकळी छळते हेही त्यातूनच कळते.

या अभ्यासाला महागडी साधने लागत नाहीत. रडारवर चेंडूचा वेग मोजणारी यंत्रे आता आपल्याकडेही आली आहेत, ती मिळाली तर उत्तमच. पण सराव-मैदान, वीस चेंडू आणि वही एवढ्यानेही काम भागते. प्रत्येक वेजने पाच-पाच चेंडू मारावेत, सर्वात लांबचा आणि सर्वात जवळचा सोडून द्यावा, उरलेल्या तिनांची सरासरी मांडावी. आपल्या अंतरांचा हा तक्ता हाती आल्याशिवाय वाचकाने एकही नवा क्लब विकत घेऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे.