शिबीच्या डोळ्यांची कुळकथा

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाडी लावून एसटीच्या बसने अजिंठ्याला गेलात, तर १७ क्रमांकाच्या लेण्यात शिबी राजाला शोधा. हे लेणं पाचव्या शतकातलं, वाकाटक हरिषेणाच्या काळातलं. जातककथेत आंधळ्या ब्राह्मणाच्या रूपात आलेल्या इंद्राला शिबी स्वतःचे डोळे देतो. सीवक नावाचा वैद्य ते काढतो, ब्राह्मणाच्या खोबणीत बसवले जातात आणि तिथे छान रुजतात. राजाच्या दानाचे गोडवे सगळेच गातात; मला मात्र कुतूहल आहे ते त्या रुजण्याचं.

कारण शरीर परक्याला सहजी थारा देत नाही. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिचं खरं काम जॅक मिलर यांनी १९६१ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. टी पेशी तिथे तयार होतात आणि तिथेच त्यांची परीक्षा होते. त्यांना शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांचे नमुने दाखवले जातात. जी पेशी आपल्याच माणसांवर तुटून पडते, तिला तिथेच मारलं जातं. फार थोड्या पेशी पास होतात. त्याही चुकतात म्हणा, नाहीतर संधिवातासारखे आजार झाले नसते.

मग दुसऱ्याचा डोळा टिकेल कसा? ७ डिसेंबर १९०५ रोजी मोरावियातल्या ओलोमॉउत्स इथे डॉ. एडुआर्ड झिर्म यांच्यासमोर चुन्याने डोळे भाजलेला एक मजूर होता. लोखंडाचा कण घुसून निकामी झालेला ११ वर्षांच्या मुलाचा डोळा काढावा लागला होता. झिर्मनी त्याच्या कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, ५ मिलिमीटरच्या चकत्या कापून मजुराच्या दोन्ही डोळ्यांना बसवल्या. एक वाया गेली, दुसरी टिकली. त्याआधी प्राण्यांचे कॉर्निया बसवून पाहिलेल्यांच्या हाती अपयशच आलं होतं.

टिकण्याचं कारण पीटर मेडावर यांच्या १९४८ च्या प्रयोगात सापडतं. दुसऱ्या सशाची कातडी त्यांनी सशाच्या डोळ्याच्या पुढच्या पोकळीत ठेवली. रक्तवाहिन्या शिरल्या नाहीत तोवर ती जगली. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात. जिथे रस्ताच नाही, तिथे पोलीस पोचणार कसे? भाजल्यामुळे तिथे रक्तवाहिन्या वाढल्या, तर मात्र कलम नाकारलं जाण्याचा धोका वाढतो.

म्हणूनच की काय, मुंबई राज्यात कॉर्निया रोपणाचा कायदा १९५७ सालीच झाला. महाराष्ट्रात मूत्रपिंड रोपणाचा कायदा यायला १९८२ उजाडलं. अख्खा डोळा मात्र अजून सीवकालाच जमलेला. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली तो बसवला, जगलाही, पण दिसलं काही नाही.

कॉर्नियासाठी रक्तगटही सहसा जुळवावा लागत नाही. घरात कुणी गेलं, तर पापण्या मिटवा, त्यांवर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा आणि सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं पोचतील असं पाहा.