पुष्पिका (हस्तलिखित)

पुष्पिका म्हणजे हस्तलिखित पोथीच्या किंवा तिच्यातील अध्यायाच्या शेवटी येणारा समाप्तिलेख. ग्रंथाचे नाव, कर्ता, लेखनकाल, स्थळ, नक्कल करणारा लेखनिक आणि पोथी कोणासाठी लिहिली, यांपैकी काही किंवा सर्व माहिती तीत असते. मुद्रणपूर्व मराठी वाङ्मयाच्या कालनिश्चितीचे ते एक प्रमुख साधन आहे.

स्वरूप

अध्यायाच्या पुष्पिकेचे परिचित उदाहरण दासबोधात मिळते. जांब (तालुका घनसावंगी, जिल्हा जालना) येथे शके १५३० म्हणजे इ.स. १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या या ग्रंथात २० दशक व २०० समास आहेत. प्रत्येक समासाच्या अखेरीस ग्रंथाचे नाव, 'गुरुशिष्यसंवाद' हा त्याचा प्रकार आणि समासाचे नाव व क्रम येतो. पोथीची पाने सुटी असत. त्यामुळे एखादे पान इकडचे तिकडे झाले तरी मजकुराचे ठिकाण यावरून लावता येते.

लेखनिकाच्या पुष्पिकेत शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी व वार असतात. पुष्कळदा पुढे एक ठरावीक संस्कृत श्लोक येतो: समोरच्या पोथीत जसे दिसले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. जबाबदारी झटकण्याची ही रीत बरीच जुनी आहे.

ग्रंथाचा काळ आणि प्रतीचा काळ

पुष्पिका वाचताना सर्वांत मोठी चूक येथे होते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ या रचनाकालाचा आणि सच्चिदानंदबाबा या लेखनिकाचा उल्लेख आहे. तो ग्रंथाचाच भाग म्हणून पुढील नकलांतही उतरत आला. म्हणून एखाद्या पोथीत शके १२१२ आढळल्याने ती पोथी त्या वर्षाची ठरत नाही. आधीच्या नक्कलकाराची पुष्पिका जशीच्या तशी उतरवून स्वतःची न लिहिणारा लेखनिक तर अभ्यासकाला शंभर वर्षांनीही चुकवू शकतो. अशा वेळी कागद, शाई आणि अक्षराचे वळण यांचा आधार घ्यावा लागतो.

संवत्सराचे नाव दिले असेल तर गणिताने पडताळा घेता येतो. शकात १२ मिळवून बेरजेला ६० ने भागल्यास उरणारी बाकी हा प्रभवादी चक्रातील संवत्सराचा क्रम होय. बाकी शून्य आल्यास साठावा संवत्सर समजावा. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केल्याचा काळ शके १५०६, तारण संवत्सर असा दिला आहे. १५१८ ला ६० ने भागले की १८ उरतात आणि अठरावा संवत्सर तारणच आहे.

एकनाथांची ही नोंद आणखी एका कारणाने मोलाची आहे. मूळ ग्रंथ शुद्ध असूनही पाठांतरांमुळे अशुद्ध झाला होता, म्हणून तो शोधला, हे तीत सांगितले आहे. शिवाय पुढे कोणी स्वतःची ओवी त्यात घालू नये, अशी ताकीदही आहे. कोणी, केव्हा, का बदल केला, हे तिन्ही एकत्र सांगणारी इतकी स्पष्ट नोंद विरळाच.

दासबोधाच्या बाबतीत प्रतीची परंपराच उपयोगी पडली. समर्थशिष्य कल्याणस्वामींच्या हातची प्रत डोमगाव (जिल्हा धाराशिव) येथील मठात जपली गेली. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी तिच्या आधारे १९०५ मध्ये दासबोध छापला.

संगणकीय समांतर

संगणकाच्या आज्ञावलीच्या फाइलींतही पुष्पिकेसारखा मजकूर असतो, मात्र तो आरंभी येतो. वॉल्टर टिची यांनी १९८० च्या दशकारंभी तयार केलेल्या आरसीएस या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये ठरावीक शब्द लिहिला, की त्या जागी आवृत्तीचा क्रमांक, दिनांक व बदल करणाऱ्याचे नाव आपोआप भरले जाई. सीव्हीएस व सबव्हर्जन यांनी ही सोय पुढे चालवली. अडचण पोथीचीच होती. फाइल दुसऱ्या प्रकल्पात उतरवली, की जुना क्रमांक तिच्यासोबत जाई. दोघांनी केलेले बदल एकत्र करताना केवळ या ओळीमुळेही मजकुरांत विरोध निर्माण होई. गिट या प्रणालीत बदलाचा इतिहास फाइलीबाहेर, भांडारात राहतो. फाइलीत आपोआप भरता येते ती मुख्यतः मजकुरावरून काढलेली ओळखखूण.