रिसर्पीन आणि भीतीचे रसायनशास्त्र

रिसर्पीन : सर्पगंधा (राऊवोल्फिया सर्पेंटिना, कुल–करवीर) या लहान झुडपाच्या मुळांत आढळणारे अल्कलॉइड. रक्तदाब कमी करणे आणि गाढ झोप न आणता मनाची खळबळ शमविणे हे त्याचे दोन प्रमुख गुण होत. १९५२ मध्ये ते शुद्ध स्वरूपात मिळाले. भीती, जागृतावस्था आणि हृदय, रक्तवाहिन्या व आतडी यांची कार्ये एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, या जुन्या प्रश्नाचा रासायनिक विचार पुढील दहाबारा वर्षांत ज्या मोजक्या द्रव्यांमुळे सुरू झाला, त्यांत रिसर्पिनाचे स्थान वरचे आहे.

सर्पगंधेचे मूळ भारतात पूर्वापार वापरात आहे. सर्पदंश, ताप, आतड्यांचे विकार आणि उन्माद यांवर ते देत असत. बिहारमध्ये ‘पागल की दवा’ या नावाने ते विकले जाई व रडणाऱ्या मुलांना झोपविण्यासाठीही त्याचा वापर होई. जर्मन वैद्य व प्रवासी लेओनहार्ट राऊवोल्फ यांचे नाव या वंशाला प्ल्यूम्ये यांनी १७०३ मध्ये दिले. राऊवोल्फ यांनी मात्र ही वनस्पती भारतात येऊन पाहिली नव्हती.

आधुनिक संशोधनास भारतातच सुरुवात झाली. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि अतिरिक्त रक्तदाब या दोहोंवर मुळाचा उपयोग होतो, असे प्रसिद्ध केले. एकच औषध मनोविकारावर आणि रक्तवाहिन्यांच्या विकारावर चालावे, हे त्या काळी विचित्रच वाटण्यासारखे होते. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळांतून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली व त्यांपैकी काहींना हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’सारखी नावे दिली. कलकत्त्यात रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी औषधिक्रियाविज्ञानाच्या दृष्टीने प्रयोग केले. तथापि मनाला शांत करणारा गुण या स्फटिकरूप द्रव्यांत सापडेना. तो मागे उरणाऱ्या राळेसारख्या भागात असावा, असे दिसू लागले.

मुंबईचे हृद्‌रोगतज्ञ रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात अतिरिक्त रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि सर्पगंधेकडे पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष वेधले. बॉस्टन येथे रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध वापरून पाहिले. रक्तदाब बेताचाच उतरतो, पण रुग्ण निवांत होतो आणि तरीही गुंगीत नसतो, हे त्यांच्या ध्यानात आले. यानंतर बाझेल येथील सीबा कंपनीतील म्यूलर, श्लिटलर व बाइन यांनी त्या दुर्लक्षित राळेतूनच रिसर्पीन मिळविले. पाश्चात्त्य ग्रंथांतून हा इतिहास पुष्कळदा १९५२ पासूनच सांगितला जातो. आधीची वीस वर्षे वगळली, तर नेमक्या याच मुळाकडे बाझेलचे रसायनशास्त्रज्ञ का वळले, याचा उलगडा होत नाही. १९५६ मध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी रिसर्पिनाचे संश्लेषण केले. १९५७ च्या लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत वकील यांचा समावेश होता.

या औषधाचे नावीन्य समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. भीतीच्या वेळी अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होऊन हृदयाची गती व रक्तदाब वाढतात, बाहुल्या रुंदावतात आणि पचनक्रिया मंदावते, हे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये विशद केले होते. मेंदूस जागृत ठेवणारी यंत्रणा मस्तिष्कस्तंभातील जालरचनेत असते, हे मोरुत्सी व मॅगून यांनी १९४९ मध्ये दाखविले. तोवर भीती शमवायची म्हणजे बार्बिच्युरेटांसारखी शामके देऊन जागृतीच मंद करायची, असाच मार्ग होता. रिसर्पीन दिलेला रुग्ण मात्र पेंगुळलेला दिसला, तरी हाक मारताच जागा होई.

प्राण्यांवरील प्रयोगांत हा भेद अधिक स्पष्ट झाला. घंटा वाजल्यानंतर विजेचा धक्का बसतो, हे शिकलेला उंदीर घंटा ऐकताच उडी मारून सुरक्षित जागी जातो. रिसर्पीन दिल्यावर तो घंटेकडे दुर्लक्ष करतो. धक्का बसला की मात्र पळतो. बार्बिच्युरेटांनी घंटेचा परिणाम नाहीसा करावयाचा, तर धक्क्याने पळण्याची क्षमताही जवळजवळ जाते. धोक्याची सूचना आणि प्रत्यक्ष वेदना यांना दिल्या जाणाऱ्या प्रतिसादांची अशी फारकत १९५२ मध्ये मनोविकारांवर वापरात आलेल्या क्लोरप्रोमॅझिनानेही होत असे. या औषधांना ‘शांतक’ हे नाव मिळाले. न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड रुग्णालयात नेथन क्लाइन यांनी १९५४ च्या सुमारास मनोरुग्णांना रिसर्पीन देऊन पाहिले. उत्तेजित रुग्णांना बांधून ठेवण्याची गरज कमी झाली, असे अनेक रुग्णालयांचे अनुभव होते.

१९५५ मध्ये अमेरिकेत प्लेचर, शोअर व ब्रोडी यांनी रिसर्पिनामुळे सेरोटोनिनाचे साठे रिते होतात असे दाखविले. नॉरॲड्रेनॅलीन व डोपामीन यांचेही तसेच होते, हे लवकरच कळून आले. ही द्रव्ये तंत्रिका तंतूंच्या अग्रांशी सूक्ष्म पिशव्यांत साठविलेली असतात. ती आत नेणारे प्रथिन रिसर्पीन अडविते. साठा पुन्हा भरण्यास वेळ लागत असल्याने औषध थांबविल्यावरही परिणाम कित्येक दिवस टिकतो. मेंदूत आणि अनुकंपी तंत्रिकांत यंत्रणा एकच असल्यामुळे मन निवते तशाच रक्तवाहिन्याही सैल पडतात. सेन व बोस यांच्या निरीक्षणातील कोडे येथे सुटते. अनुकंपी तंत्र दुर्बल झाल्याने परानुकंपी तंत्राचे वर्चस्व वाढते. त्यामुळे हृदयगती मंदावणे, नाक चोंदणे, जठरातील आम्ल वाढणे, जुलाब होणे, बाहुल्या लहान होणे व पापण्या जड होणे ही सर्व लक्षणे रिसर्पिनाने दिसतात. भीतीच्या लक्षणांची ही जणू उलटी यादीच होय.

पण भीती खरोखरच गेली होती काय? स्वीडिश शास्त्रज्ञ आर्व्हिड कार्लसन व त्यांचे सहकारी यांनी १९५७ मध्ये रिसर्पिनाने निश्चल झालेल्या सशांना डोपा हे द्रव्य टोचले, तेव्हा ते थोड्याच वेळात हिंडूफिरू लागले. पुढे १९६३ मध्ये सायडन व कार्लसन यांना डोपा दिल्यावर प्राण्यांचा इशाऱ्याला मिळणारा प्रतिसादही काही काळ व काही अंशी परत आलेला आढळला. म्हणजे घंटेकडे दुर्लक्ष करणारा उंदीर निर्भय झालेला नसून हालचालीची प्रेरणाच गमावून बसलेला असण्याचा संभव होता. बाहेरून दिसणारी शांती व आतील निर्भयता या एक नव्हेत, ही गोष्ट शांतकांच्या पहिल्या उत्साहात पुरेशी लक्षात घेतली गेली नाही, असे म्हणावे लागते. सशांवरील निरीक्षणांमुळे कंपवातात डोपामिनाची उणीव शोधण्याची दिशा मिळाली. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

१९५४ मध्ये एडवर्ड फ्राइस यांनी मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रिसर्पीन घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांत खिन्नता येते, असा इशारा दिला. यावरून खिन्नता म्हणजे मेंदूतील या अमाइनांची उणीव, असा सिद्धांत पुढे मांडला गेला. याउलट लंडनमध्ये डेव्हिस व शेपर्ड यांना १९५५ मध्ये चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांत रिसर्पिनाचा फायदाच दिसला होता; पण त्या निष्कर्षाला फारसा भाव मिळाला नाही. अलीकडील पुनरावलोकनांत हा संबंध समजला गेला त्यापेक्षा बराच कच्चा ठरला आहे.

फ्राइस यांच्याच नेतृत्वाखाली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर झालेल्या आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रिसर्पीन हे वापरलेल्या तीन औषधांपैकी एक होते. तीव्र स्वरूपाचा रक्तदाब औषधांनी उतरविल्यास गंभीर उपद्रव टळतात, हे या चाचणीने सिद्ध केले. १९७४ मध्ये रिसर्पिनाचा स्तनांच्या कर्करोगाशी संबंध जोडणारे तीन अहवाल निघाले. पुढील अभ्यासांत त्यांना दुजोरा मिळाला नाही, तरी औषधाची पत गेली ती गेलीच. मनोविकारांत त्याची जागा त्यापूर्वीच क्लोरप्रोमॅझिनाने व चिंतेत १९६० नंतर बेंझोडायाझेपिनांनी घेतली होती. बेंझोडायाझेपिने अमाइनांचे साठे रिते न करता गॅबा या निरोधक द्रव्याची क्रिया वाढवितात. त्यांची सवय लागते, हा त्यांचा दोष होय. सर्पगंधेची मागणी मात्र दीर्घकाळ टिकली. मुळे खणून काढल्याने झुडूपच नष्ट होत असल्याने रानातील तिचे प्रमाण बरेच घटले आणि १९९० मध्ये वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा समावेश करण्यात आला.