एका मेसेजची जागा: मुलांचे दात आणि पालकांना गेलेले निरोप

मागच्या भागात आपण पोस्टकार्डाचा इतिहास पाहिला. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की पोस्टकार्डानंतर आलेल्या छोट्या निरोपाचं, म्हणजे एसएमएसचं काय? त्याचा इतिहास मोठा आहे, म्हणून आज त्यातली एकच गोष्ट घेतोय. मोबाइलवरच्या मेसेजने लहान मुलांचे दात वाचवता येतील का, असा प्रश्न काही लोकांनी मनावर घेतला, तिची ही गोष्ट. मी डॉक्टर नाही, इतिहासात रमणारा माणूस आहे. त्यामुळे कोणी काय करून पाहिलं आणि त्यातून काय हाती लागलं, एवढंच सांगणार आहे.

आधी मूळ दुखणं समजून घेऊ. आपल्याकडे एक वाक्य घरोघरी ऐकू येतं, "दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत." पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, हे खरं आहे. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तीन वर्षांच्या पोराची दाढ किडली, तर ती किडलेली दाढ घेऊन त्याला सात-आठ वर्षं जेवायचं असतं. पू झाला तर खालच्या पक्क्या दातालाही धोका पोचतो. पोरगं रात्री रडतं, एका बाजूने चावतं, वजन धरत नाही, आणि त्याला नीट सांगता येत नाही की दुखतंय कुठे.

हे जगाच्या लक्षात यायलाही वेळ लागला. 1962 मध्ये इलायस फास या अमेरिकी दंतवैद्याने एक लेख लिहिला. दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या बाळांचे वरचे पुढचे दात एका ठरावीक पद्धतीने किडतात, हे त्याने मांडलं. पुढे बरीच वर्षं या दुखण्याचं नाव बाटलीशीच जोडलेलं राहिलं. पण बाटली न पिणाऱ्या मुलांचेही दात किडत होते. म्हणून 1994 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका बैठकीत 'अर्ली चाइल्डहूड केरीज', म्हणजे बालवयातली दातांची कीड, हे नाव सुचवलं गेलं. नाव बदलल्याने नजर बदलली. दोष एकट्या बाटलीचा उरला नाही. साखर, रात्रीचं खाणं, न घासलेले दात, फ्लोराइडचा अभाव हे सगळं एकत्र पाहायला सुरुवात झाली.

आता आपल्याकडचा आकडा सांगतो. 2002-03 मध्ये भारतात दातांचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यात पाच वर्षांच्या मुलांपैकी 51.9 टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. म्हणजे बालवाडीच्या वर्गात बसलेल्या दर दोन पोरांतलं एक.

यावर उपाय काय, हे गुपित नव्हतं. पहिला दात आला की घासायला लागा. फ्लोराइडची पेस्ट वापरा. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही देऊ नका. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा डेंटिस्टला दाखवा. पण हे सगळं घडायचं कुठे? दवाखान्यात नाही, घरात, रात्री साडेनऊ वाजता, आई-बाबा दमलेले आणि पोर किरकिर करत असताना. डॉक्टर सकाळी अकराला सांगणार, पत्रक पिशवीत घडी होऊन पडणार, आणि ब्रश हातात घ्यायची वेळ यायची तेव्हा सांगणारं कोणीच जवळ नाही. दंत-आरोग्य शिक्षणातली ही फट जुनी आहे. ती मोबाइलने भरेल का, असं लोकांना वाटायला लागलं.

आता मोबाइलकडे येऊ. 1985 मध्ये जर्मनीत बॉन इथे फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाचा अभियंता टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं टाइप करून अक्षरं मोजत बसला होता. बहुतेक वाक्यं 160 अक्षरांच्या आत संपतायत, असं त्याला दिसलं. पोस्टकार्डांवरचा मजकूरही बहुतेकदा तेवढाच असतो, हाही त्याचा एक आधार होता. बघा, मागच्या भागाशी धागा जुळला! त्यावरून मेसेजची मर्यादा 160 ठरली. पहिला एसएमएस गेला 3 डिसेंबर 1992 रोजी, इंग्लंडमध्ये, नाताळच्या शुभेच्छांचा.

पण 160 हे रोमन अक्षरांसाठी. देवनागरीत लिहिलं की तोच मेसेज 70 वर येतो, कारण आपलं प्रत्येक चिन्ह जास्त जागा घेतं. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. "रात्री झोपताना बाळाचे दात घासा." या पाच शब्दांच्या वाक्याला 31 जागा लागतात. अशी दोन वाक्यं झाली की मेसेज संपला. तिसरं वाक्य हवं असेल तर दुसऱ्या मेसेजचे पैसे. त्यात तेव्हाच्या कित्येक साध्या फोनवर देवनागरीऐवजी नुसते चौकोन दिसायचे. ज्या आईपर्यंत निरोप पोचायला हवा, तिच्या भाषेलाच सगळ्यात कमी जागा होती. ही अडचण तांत्रिक वाटते, पण तिचा परिणाम थेट माणसांवर होत होता.

तरीही प्रयत्न झाले, आणि त्यातला एक अगदी आपल्या उंबरठ्यावर झाला, बेळगावात. तिथल्या संशोधकांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या आयांचे दोन गट केले. एका गटाला छापील पत्रक दिलं, दुसऱ्या गटाला मोबाइलवर मेसेज पाठवले. आधी आणि नंतर आयांना प्रश्न विचारले, आणि मुलांच्या दातांवरचा थरही तपासला. हा अभ्यास 2011 मध्ये 'जर्नल ऑफ टेलिमेडिसिन अँड टेलिकेअर' या नियतकालिकात छापून आला. दोन्ही गटांत सुधारणा दिसली, पण आयांची माहिती, दृष्टी आणि सवय बदलण्यात मेसेज पत्रकापेक्षा सरस ठरला. मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण स्मार्टफोन घरोघरी पोचण्याआधी, साध्या बटणांच्या फोनच्या जमान्यात, बेळगावसारख्या शहरात हे करून पाहिलं गेलं.

त्या वर्षाची आणखी एक आठवण सांगतो. जाहिरातींच्या मेसेजने लोक इतके वैतागले होते की 27 सप्टेंबर 2011 पासून ट्रायने एका सिमवरून दिवसाला 100 मेसेजची मर्यादा घातली. पुढे ती 200 केली. म्हणजे दातांचा निरोप ज्या पेटीत पडणार होता, ती पेटी आधीच प्लॉट, लोन आणि रिंगटोनच्या मेसेजनी भरलेली होती.

अमेरिकेत याच सुमारास मोठ्या पातळीवर काम सुरू झालं होतं. फेब्रुवारी 2010 मध्ये 'टेक्स्ट फॉर बेबी' ही मोफत सेवा निघाली. गरोदर बाईने किंवा नव्या आईने एक शब्द पाठवून नाव नोंदवायचं, मग बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला तीन मेसेज. लसीकरण, झोप, आहार, आणि त्यातच दातांचीही काळजी. तिकडे येणाऱ्या मेसेजलाही पैसे पडायचे, ते मोबाइल कंपन्यांनी माफ केले.

तिथे या विषयाला एक दुखरी पार्श्वभूमी होती. 2007 मध्ये मेरीलँड राज्यात बारा वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दाताचा संसर्ग मेंदूपर्यंत गेल्याने वारला. दात काढायला ऐंशी डॉलरच्या आसपास खर्च आला असता. गरिबांसाठीच्या सरकारी विम्यावर दातांचे उपचार वेळेवर मिळण्याची वाट किती बिकट आहे, हे त्या मृत्यूने देशापुढे आणलं. ही घटना इथे मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्या मुद्द्यासाठी ती लागणार आहे.

नंतर बॉस्टन विद्यापीठाच्या बेलिंडा बोरेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या बालरोग दवाखान्यांत येणाऱ्या पालकांवर प्रयोग केला. 2019 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांची पद्धत वेगळी होती. मेसेज नुसता उपदेश करत नसे, पालकाला प्रश्न विचारायचा, उत्तर मागायचा, छोटं ध्येय ठरवायला लावायचा. दुसऱ्या गटालाही मेसेज जात होते, पण मुलांच्या इतर आरोग्याबद्दलचे. हा प्रयोग छोटा होता, पण पालक मेसेजना टिकून उत्तरं देतात आणि मुलांचे दात घासण्याची सवय सुधारते, असं त्यात दिसलं.

आता प्रश्न असा, की सवय सुधारली म्हणजे कीड थांबली का? इथे जरा थांबायला हवं. ब्रिटनमध्ये 'ब्राइट' नावाचा मोठा प्रयोग झाला. त्यात अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना शाळेत एक तास शिकवलं आणि मग दिवसातून दोनदा घासण्याची आठवण देणारे मेसेज थेट त्यांच्याच फोनवर पाठवले. सुरुवातीच्या महिन्यांत जास्त मुलं दोनदा घासतो म्हणाली. पण पुढे दात तपासले तेव्हा दोन गटांच्या किडीत फरक दिसला नाही. ही मोठी मुलं आहेत, पालकांची गोष्ट थोडी वेगळी, हे मान्य. पण इशारा दोघांनाही लागू पडतो. निरोप मिळाला, पटला, काही दिवस पाळलाही, तरी कीड त्याहून चिवट असते.

त्याच्या शेजारी स्कॉटलंड ठेवून बघा. 2006 मध्ये तिथे 'चाइल्डस्माइल' सुरू झालं. बालवाडीत रोज शिक्षकांच्या नजरेखाली दात घासायचे, ब्रश आणि पेस्ट घरी फुकट, आणि गरज असेल त्या घरी आरोग्यसेविका जाणार. तिथे पहिलीतल्या मुलांपैकी उघड कीड नसलेली मुलं 2003 मध्ये सुमारे 45 टक्के होती, 2018 मध्ये ती 71 टक्के झाली. सगळं श्रेय एका योजनेचं नसेल, पण वस्तू हातात, माणूस समोर आणि रोजची वेळ ठरलेली, हे तिन्ही तिथे जमून आलं. मेसेज यातली फक्त वेळ साधतो. पेस्ट विकत घ्यायला पैसे नसतील किंवा जवळ डेंटिस्टच नसेल, तर मेरीलँडच्या त्या मुलाला कितीही मेसेज गेले असते तरी दात काढायला खुर्ची लागलीच असती.

दुसरा प्रश्न, फोन कोणाचा? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात 54 टक्के होत्या, आणि त्यांच्यातल्या 71 टक्के स्त्रियांना मेसेज वाचता येत होता. म्हणजे मेसेज नवऱ्याच्या फोनवर, नवरा कामावर, आणि रात्री बाळाला दुधाची बाटली देणारी आजी. निरोपाचा पत्ता असा चुकतो.

यावर आपल्याकडे निघालेली वाट मला आवडते. लिहिण्याऐवजी बोलायचं! मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांच्या 'अरमान' संस्थेने 'एममित्र' सुरू केलं. गरोदर बाईला आणि आईला तिच्या भाषेत, तिने सांगितलेल्या वेळी फोन येतो. 'किलकारी' 2013 मध्ये बिहारमध्ये सुरू झाली आणि 2016 मध्ये केंद्र सरकारने ती देशपातळीवर नेली. त्यातही आठवड्याला एक रेकॉर्ड केलेला फोन. या सेवा मुख्यतः बाळंतपण आणि बाळाच्या आरोग्याच्या आहेत. पण दातांचा निरोप पाठवू पाहणाऱ्याने त्यांच्याकडून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, वाचता न येणारीलाही कळला पाहिजे. दोन, वेळ तिने ठरवायची. 70 चिन्हांची कटकटही मग उरत नाही.

2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोबाइल आणि मुखारोग्य यावर मार्गदर्शक पुस्तिकाच काढली. म्हणजे बेळगावसारख्या छोट्या प्रयोगांनी चाचपलेली वाट आता अधिकृत झाली आहे. दरम्यान एसएमएसची पेटी ओटीपी आणि बँकेच्या निरोपांची झाली, आणि घरगुती बोलणं व्हॉट्सॅपवर गेलं. तिथे लांबी आणि भाषेची अडचण नाही, पण "लवंग दाबून धरा, कीड बाहेर पडते" असले फॉरवर्डही तिथेच फिरतात.

मग या सगळ्यातून मला काय दिसतं? मेसेज हा चांगला आठवणकर्ता आहे. ज्या घरात पेस्ट आहे, ब्रश आहे, आणि फक्त रात्री विसरायला होतं, तिथे तो खरंच उपयोगी पडतो. जिथे वस्तू नाही, माणूस नाही, दवाखाना नाही, तिथे त्याच्यावर सगळा भार टाकणं म्हणजे आईच्याच डोक्यावर दोष ठेवणं. अंगणवाडीत रोज ब्रश आणि हातात पेस्ट, सोबत आशाताईंचा शब्द, आणि रात्री साडेनऊला एक फोन, असं जुळलं तर काम होईल.

जाता जाता, तुमच्या घरात लहान मूल असेल तर तीन गोष्टी. पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड 1000 पीपीएमच्या आसपास आहे का बघा. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. आणि ब्रश मुलाच्या हातात दिलात तरी शेवटचा हात तुमचा फिरवा. हा भाग आजीला, मावशीला, शेजारच्या वहिनींना ऐकवा, कारण बाटली कोणाच्या हातात असते ते तुम्हालाच माहीत.

तुमच्या गावात अंगणवाडीत किंवा शाळेत मुलांचे दात रोज घासून घेत असतील, तर मला जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.